शेजाऱ्याची ठेव

आपला पांढुर्णा-सौंसरचा मुलूख एके काळी देवगडच्या गोंड राजांचा होता. गोंडांचा पूर्वेतिहास पोथीत नव्हता; तो परधानांच्या कंठी होता. परधान हा गोंडांचा भाट. 'बाना' हे तंतुवाद्य घेऊन तो यजमानाच्या दारी जाई आणि बडादेवाची, कुळाच्या उगमाची, जुन्या राजांची कथा गाऊन सांगे.

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत अशीच, पण भूमीशी अधिक घट्ट बांधलेली परंपरा आहे. तिला 'साँगलाइन्स' म्हणजे गीतवाटा म्हणतात. आद्य पूर्वज ज्या वाटेने गेले, तिच्यावरील टेकड्या, खडक व पाणवठे गीतात क्रमाने येतात. ज्याला गीत येते त्याला रखरखीत प्रदेशातही पाणी सापडते. सात बहिणींची गीतवाट तर अनेक जमातींच्या मुलखांतून जाते आणि प्रत्येक जमात आपापला भाग सांभाळते. गाणारा गीताचा मालक नव्हे, कारभारी आहे. गीताबरोबर त्या जागेची राखणही त्याच्याकडे येते.

कोणी म्हणेल, "या कथा आपल्या विश्वासाच्या नाहीत, मग आपल्याला त्यांचे काय?" प्रश्न रास्त आहे. पण न मानणे वेगळे आणि फेकून देणे वेगळे. उत्तर ऑस्ट्रेलियातील यिरकला येथे १९६३ साली योल्ङू वडीलधाऱ्यांनी आपल्या पूर्वजांच्या कथा दोन मोठ्या फळ्यांवर रंगवून मेथडिस्ट मंदिरात वेदीजवळ लावल्या. आपल्या घरातील सर्वांत मोलाची वस्तू त्यांनी मंडळीच्या हाती दिली. पुढे १९७०च्या दशकात मंदिरातून त्या फळ्या बाहेर टाकण्यात आल्या. नंतर त्या मिळाल्या व आज तेथील कलाकेंद्रात जपल्या आहेत; पण विश्वासाने दिलेली ठेव टाकली गेली, हे पुसता येत नाही.

याउलट आपल्यातील शामराव हिवाळे पाहा. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून ते १९३२ साली मंडल्याच्या रानात गेले, परधानांत राहिले आणि १९४६ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. परधानांची श्रद्धा त्यांची नव्हती, तरी त्यांनी कान दिला. त्याच परधानांतील पाटनगढचे जनगढ सिंह श्याम (१९६२–२००१) यांनी पुढे गाण्यातले देव रंगांत उतरविले.

यार्देनेतून आणलेले बारा धोंडे मुलांनी "हे काय?" असे विचारावे म्हणून उभे केले होते. रविवार शाळेच्या शिक्षकांनी हा पाठ शिकविताना मुलांना एक काम द्यावे: जवळच्या टेकडीची, ओढ्याची कथा शेजारच्या गोंड आजोबांना विचारून यावी, आणि ती शेवटपर्यंत आदराने ऐकावी.