तुम्ही हे ऐकलं नसणार!

‘तुम्ही हे ऐकलं नसणार!’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहा. वाक्य खेदाचं असतं, पण चेहरा पेढे वाटणाऱ्याचा असतो. आपण ते ऐकलेलं नाही याचा त्याला मनापासून आनंद झालेला असतो. चुकून आपण ‘ऐकलंय की! सुरेख आहे,’ असं म्हणून बसलो, तर व्याजासकट मुद्दल बुडालेल्या सावकारासारखं त्याचं तोंड होतं. वास्तविक दोघांना एकच गाणं आवडलं यात दुःख करण्यासारखं काय आहे? पण होतं खरं.

माणूस पैसे लपवतो, ते समजतं. जमिनीचे कागद लपवतो, तेही समजतं. श्रीखंडाची वाटी चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव वाटी येते, तेव्हा ती फडताळात मागे सरकवणाऱ्याला आपण फार तर हावरट म्हणू, वेडा म्हणणार नाही. पण गाण्याचं गणितच निराळं. ते चौघांत वाटलं तर चौघांनाही सबंध गाणं मिळतं, आणि देणाऱ्याकडे होतं तेवढं शिल्लक राहतंच. असं असूनही माणसं गाणी लपवतात. काहून लपवतात, हा प्रश्न मला आमच्या उमरेडात पडला.

उमरेड नागपूरपासून ४५-एक किलोमीटरवर. बाहेरच्यांना ते कोळशाच्या खाणीमुळे ठाऊक होतं. २०१२ साली कऱ्हांडल्याचं अभयारण्य झाल्यापासून वाघांमुळे ठाऊक झालं. त्यातला ‘जय’ नावाचा वाघ २०१६ साली दिसेनासा झाला, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांतून आमच्या गावाचं नाव आलं. वाघ हरवला तर बातमी होते. गाणं हरवलं तर होत नाही. ही हकिगत या दुसऱ्या प्रकारच्या हरवण्याची आहे.

१९८० च्या सुमारास आमचं गाणी ऐकणाऱ्यांचं एक मंडळ होतं. मंडळाला नाव नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं आणि अध्यक्ष नव्हता. त्यामुळे ते बरीच वर्षं टिकलं. मूळ सगळे रेडिओ सिलोनचे भक्त. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली, तेव्हा अवघ्या देशाने रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षाच्या शेवटी अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५७ साली विविध भारती आली, पण फिरलेले काटे सगळेच काही परतले नाहीत. सकाळी साडेसातला सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी लागत आणि आठच्या ठोक्याआधीचं शेवटचं गाणं सैगलचं असे. त्यावर घड्याळं लावणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

फर्माईश करणाऱ्यांत झुमरी तलैया हे गाव सगळ्यांत पुढे. ते अभ्रकाच्या खाणींचं, आमचं कोळशाच्या. आमच्यातल्या मास्तरांचा असा सिद्धान्त होता की, गावाखाली काही पुरलेलं असलं की माणसांना उकरण्याची सवय लागते, मग ती गाणीही उकरून काढतात. सिद्धान्ताला पुरावा शून्य होता. पण मास्तरांनी तो खडू हातात धरल्यासारखं बोट उचलून सांगितल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

दर रविवारी प्रत्येकाने एक असं गाणं आणायचं, जे बाकीच्यांनी ऐकलेलं नाही, हा मंडळाचा एकमेव नियम. सुरुवातीला त्यात निर्मळ आनंद होता. पुढे त्याची कुस्ती झाली. लता-रफीचं गाणं आणणाऱ्याकडे, लग्नात नुसता वरणभात वाढल्यासारखं सगळे पाहू लागले. सिनेमा जितका पडेल, गायिका जितकी अनोळखी, तबकडी जितकी खरखरीत, तितके गुण जास्त. मग गाणं चांगलं आहे की नाही, हे विचारायचं हळूहळू राहूनच गेलं. एकदा कापडदुकानवाल्या भाऊंनी इतकं दुर्मिळ गाणं आणलं, की ते दुर्मिळ का झालं हे पहिल्या अंतऱ्यातच सगळ्यांच्या लक्षात आलं.

या कुस्तीचे गदाधारी म्हणजे खाणीतले ओव्हरमनसाहेब. त्यांना एकदा नागपूरच्या जुन्या बाजारात एक तबकडी मिळाली. नॅरोगेजच्या गाडीने (ती गाडी २०१९ पासून बंद आहे) ती त्यांनी तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन आणली. फार जुनी, कर्ण्यात तोंड घालून गायच्या काळातली. कुणा बाईचा आवाज. तीन मिनिटांचं गाणं, पण असं की ते संपल्यावर कुणी चहाच्या कपाला हात लावला नाही. मास्तर म्हणाले, जोगिया. भाऊ म्हणाले, कालिंगडा. मला दोन्ही पटलं, कारण मला दोन्ही ओळखता येत नाहीत.

‘कोण गाते जी ही?’ मास्तरांनी विचारलं.

ओव्हरमनसाहेब नुसते हसले. तबकडीच्या लेबलावर त्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी लावून टाकली होती. आणि खरी कमाल पुढेच आहे. त्या काळातले गायक गाणं संपता संपता स्वतःचं नाव सांगत असत. ओव्हरमनसाहेब बरोबर त्या आधी पिन उचलत. ‘माय नेम इज’ एवढं ऐकू येई आणि खट्! पुढं चहा.

मास्तर टेपरेकॉर्डर घेऊन गेले, तर तोही नाही म्हणाले. वर एक प्रश्न विचारला. ‘मास्तर, तुम्ही हे टेप केलं, की उद्या भाऊ करतीन, परवा सारं उमरेड करीन. मंग माझ्यापाशी काय राह्यते?’

आम्ही त्या वेळी हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाणं त्यांच्याकडे राहणारच होतं. जाणार होता तो ‘फक्त माझ्याकडे’ हा त्याचा गुण. आता, हा गुण गाण्याचा की माणसाचा? त्या बाईंनी गाताना तो घातलेला नव्हता. एखादा सूर ऐकणाऱ्यांची संख्या वाढल्याने उतरत नाही. उतरतो तो मालकाचा रुबाब.

पण लपवणाऱ्याचीही एक बाजू असते. आपल्या संगीतात लपवण्याची परंपरा मोठी आहे आणि ती काही मूर्खांची नाही. जुने उस्ताद अनवट राग आणि खास बंदिशी शिष्यालासुद्धा पारखून, पुष्कळ वर्षांनी देत. काही घराण्यांत बंदिशी लेकीच्या लग्नात जावयाला दिल्या जात, असं सांगतात. जिथे जहागीर नाही, पेन्शन नाही, तिथे ती चीज हीच मिळकत. ती फुकट का वाटावी? शिवाय, जगाने फेकून दिलेलं ज्याने उचललं, त्याचा काहीच हक्क नाही का? आमच्यापैकी कुणी त्या बाजारात धूळ खात उकिडवं बसलं नव्हतं. ओव्हरमनसाहेब बसले होते.

याच उस्तादांच्या दारोदार विष्णु नारायण भातखंडे हिंडले. माणूस पेशाने वकील. म्हणजे समोरच्याकडून नको ते वदवून घेण्याचं रीतसर शिक्षण झालेला. त्यांनी शेकडो बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीत लिहून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून टाकल्या. पुष्कळांना ते रुचलं नाही. बंदिश कागदावर आली की तिचा जीव जातो, असं म्हणणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. त्यात तथ्य आहे. पण ज्या चीजा कागदावरही आल्या नाहीत आणि शिष्याकडेही गेल्या नाहीत, त्यांच्याबद्दल असा वाददेखील घालता येत नाही. वाद घालायला ती चीज कुठे तरी शिल्लक असावी लागते.

केसरबाई केरकरांचंच पाहा. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत बाई फार काटेकोर, सहजासहजी तयार होत नसत. पण त्यांनी गायिलेली एक भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली. त्याच वर्षी केसरबाई वारल्या. २०१२ मध्ये त्यांतलं पहिलं यान ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरलं. म्हणजे ज्या गाण्याला इथे ध्वनिक्षेपकासमोर आणणंही कठीण होतं, ते आता परग्रहावरच्या कुणा भाऊंना ऐकवायला निघालं आहे. तिथेही कुणीतरी म्हणेलच, ‘तुम्ही हे ऐकलं नसणार!’

आपल्याकडे याच नादाची माणसं दुसऱ्या रीतीनेही वागलेली आहेत. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी बोलपट सुरू झाले त्या १९३१ पासूनची गाणी दशकादशकाने नोंदवून ‘हिंदी फिल्म गीत कोश’ केला. कोणत्या सिनेमात कोणतं गाणं, कुणी गायिलं, कुणी लिहिलं, ते उघड्यावर मांडून ठेवलं. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ निघाली. सुरेश चांदवणकरांसारखी माणसं त्यात वर्षानुवर्षं राबली. जमवलेल्या तबकड्या एकमेकांना ऐकवायच्या आणि त्यांची माहिती छापायची, असा तो उद्योग. यांच्याकडचं काही कमी झालं, असं ऐकिवात नाही.

आमचे ओव्हरमनसाहेब १९९० नंतर दोन-तीन वर्षांत गेले. तेरवीला मंडळ गेलं. पानावर बसलेला प्रत्येक जण माळ्याकडे बघत होता आणि तोंडाने ‘माणूस मोठा दिलदार होता’ असं म्हणत होता. शेवटी मास्तरांनी घसा साफ करून तबकड्यांचा विषय काढला. पेटी निघाली. माळ्यावरून काढताना ती आधीच एकदा निसटली होती. घरच्यांचा दोष नाही. एवढीशी पेटी एवढी जड असेल, असं कुणाला वाटतं? त्या तबकड्या लाखेच्या. आपल्याकडे पळसावर जे किडे पोसले जातात, त्यांची लाख. बांगडीला चालते, पण बांगडीसारखीच फुटते. आमची तबकडी तीन तुकड्यांत होती.

लेबल मात्र शाबूत होतं. मास्तरांनी चिकटपट्टीचं टोक नखाने धरून, श्वास रोखून, अगदी हळू ओढलं. पट्टी निघाली. तिच्याबरोबर छपाईही निघाली. खाली नुसता तांबूस कागद राहिला.

आज आम्हां तिघांना ते गाणं आठवतं. मला सुरुवातीची एक लकेर आठवते, भाऊंना शेवटची तान, आणि नव्वदीला टेकलेल्या मास्तरांना मधलं काहीतरी, ते दर वेळी निराळं असतं. तिघांचं जोडूनही गाणं होत नाही. दुर्मिळ म्हणजे एक, आणि नाहीसं म्हणजे शून्य. या दोहोंमधलं अंतर एका पेटीच्या उंचीएवढं असतं, हे मला तेव्हा कळलं.

पण मला राहून राहून वाटतं ते त्या नावाचं. १९०२ साली गाइसबर्ग नावाचा गृहस्थ ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात गौहर जान गायल्या. मेणावरचा तो ठसा तबकडी काढायला जर्मनीत, हॅनोव्हरला जायचा. तिथल्या कारागिरांना ही बाई कोण हे कळावं आणि लेबलावर चुकीचं नाव पडू नये, म्हणून गाणं संपलं की गाणारीने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, अशी रीत होती. आमच्या त्या बाईंनीही तसंच सांगितलं असणार. तीन मिनिटांत जीव ओतायचा आणि उरलेल्या दोन सेकंदांत, इंग्रजी येत असो-नसो, कर्ण्यात ओरडायचं, ‘मी अमुक!’ ते नाव समुद्र ओलांडून गेलं, परत आलं, महायुद्धांतून वाचलं, जुन्या बाजारातल्या धुळीतही टिकलं. बुडवलं ते तिच्या सगळ्यांत मोठ्या चाहत्याने, पिन उचलून.

म्हणून गाणं सापडवणाऱ्याचा हक्क किती, याचं माझ्यापुरतं उत्तर मी काढलं आहे. त्याचा हक्क नावापुरता, शब्दशः. ‘हे मला अमक्यांकडून मिळालं,’ असं पुढच्याने सांगितलं पाहिजे. जो गाणं घेतो आणि देणाऱ्याचं नाव गिळतो, तो ओव्हरमनसाहेबांपेक्षा फार निराळा नाही. तोही पिन उचलतोच, फक्त दुसऱ्या टोकाला. पण सापडवणाऱ्याला कुलूप लावण्याचा हक्क नाही. कारण त्याच्या आधी ते कुणी तरी गायिलेलं असतं, आणि कुणी तरी फेकून न देता जपलेलं असतं. रांगेत आपला नंबर कधीच पहिला नसतो.

ओव्हरमनसाहेबांचं नाव मी या लेखात लिहिलेलं नाही. ती तबकडी त्यांनी शोधली, तेव्हा त्यांचं नाव यायलाच हवं. पण त्या बाईंचं सापडलं की दोन्ही बरोबरच लिहीन म्हणतो. तबकड्या काही एकेक निघत नसत. तिची दुसरी प्रत कुणाच्या तरी माळ्यावर असू शकेल. बाईचा आवाज, तीन मिनिटं, जोगिया किंवा कालिंगडा. तुम्ही हे ऐकलं नसणार, असं मी म्हणणार नाही. तुम्ही ते ऐकलेलं असावं, अगदी शेवटपर्यंत, अशी माझी फार इच्छा आहे.