आधी बाहेर पडणारा



शेअर बाजार कोसळला की आम्हा धर्मगुरूंना एक दाखला हमखास आठवतो : मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या मूर्ख धनवानाचा. लोभाचे फळ मिळाले, असे प्रवचनात सांगून आम्ही मोकळे होतो. पण मार लोभ्यालाच बसतो असे नाही. ज्याने आयुष्यात दलालाचे तोंड पाहिलेले नाही, त्याच्या घरावरही त्या पडझडीचा ढिगारा येऊन पडतो.

युनिट ट्रस्टची 'यूएस-६४' ही योजना पुष्कळांना आठवत असेल. १९६४ साली सुरू झालेली ही योजना म्हणजे निवृत्त शिक्षक, कारकून, विधवा यांचा भरवशाचा ठेवा. सरकारचा आधार आहे, या समजुतीने लोक ग्रॅच्युइटीचे पैसे तिथे ठेवत. पुढे त्यातला मोठा हिस्सा शेअर्समध्ये गेला. २०००-०१ मध्ये संगणक कंपन्यांचे शेअर्स गडगडले आणि २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने जाहीर केले, की सहा महिने युनिट्सची खरेदी-विक्री बंद. मुलीचे लग्न ठरलेले असो की शस्त्रक्रियेची तारीख, पैसे अडकले ते अडकले. ऑगस्टपासून ३,००० युनिट्सपर्यंत मुभा मिळाली, तीही १० रुपये दराने.

आम्हाला यातली एक गोष्ट अधिक बोचते. दार बंद होण्याआधी, एप्रिल-मे २००१ मध्ये, प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांनी हजारो कोटी रुपये काढून घेतले होते. युनिटचा दर ट्रस्ट स्वतः ठरवी आणि तो मालमत्तेच्या खऱ्या मोलापेक्षा बराच चढा होता. म्हणजे आधी बाहेर पडणाऱ्याने जे जादा नेले, ते मागे राहिलेल्यांच्या वाट्यातले होते.

काही वर्षांपूर्वी असाच प्रश्न घेऊन एक गृहस्थ आमच्याकडे आले. (पापनिवेदनासाठी नव्हे, चर्चच्या व्हरांड्यात. आणि त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहोत.) बाजार पडल्यावर बंद पडलेल्या एका योजनेत त्यांचे पैसे होते. तिथल्या एका मित्राने पंधरा दिवस आधी कानात सांगितले. त्यांनी आपले पैसे काढले आणि गप्प बसले. त्यांच्याच शब्दावर विसंबून पैसे ठेवलेली त्यांची मावशी मात्र आत राहिली. "फादर, ही चोरी झाली का?"

सेमिनरीत शिकलेले आमच्या मदतीला धावले. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'मध्ये धान्याच्या व्यापाऱ्याचा प्रश्न घेतला आहे. गावात धान्य महाग आहे. मागून आणखी व्यापारी येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगायलाच हवे का? संत म्हणतात, न सांगता चालू भावाने विकले तर तो अन्याय ठरत नाही. सांगितले तर सद्गुण अधिक मोठा. आम्ही हे ऐकवले. गृहस्थांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

रात्री मात्र आम्हाला झोप येईना. तो व्यापारी स्वतःचे धान्य विकत होता. इथे तर सगळ्यांचे एकाच हंड्यात होते, आणि हंड्याला भोक पडल्याचे कळल्यावर एकाने आपली वाटी भरून घेतली. शिवाय मावशीला त्या हंड्यापाशी आणले कोणी? संतांचे उत्तर चुकीचे नव्हते. आम्ही ते भलत्या प्रश्नाला लावले होते. माणसाला हलके वाटावे या घाईत धर्मगुरूच्या हातून असे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना बोलावून हे सांगितले. ते रागावले नाहीत. "परत करायचे तर कोणाला करू? त्या हजारोंची नावे मला ठाऊक नाहीत," एवढेच म्हणाले. याला आमच्याकडे उत्तर नव्हते. मावशीचे नाव मात्र ठाऊक होते.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते मावशीच्या हाती काही रक्कम ठेवतात. योजनेतून थोडे थोडे परत मिळते आहे, असे ती समजते. तिला खरे काय ते सांगावे, असे आमचे म्हणणे. ते म्हणतात, तिला ते सोसवणार नाही. आमचे एकमत अजून झालेले नाही.