डोके कोणी कोणाचे पाहावे?

दुपारची कामे आटोपली म्हणजे खेड्यातील ओट्याओट्यांवर एक देखावा दृष्टीस पडतो. आई वरच्या पायरीवर, मुलगी खालच्या. मुलीचे डोके आईच्या गुडघ्यांत, आणि आईची बोटे केसांतून हळूहळू चाललेली. ऊ सापडली की ती नखावर घेऊन दुसऱ्या नखाने चिरडावयाची. मुलगी तोवर बहुधा पेंगत असते. यात आपला अपमान झाला असे तिला वाटत नाही. परंतु तेच डोके परक्याने पाहू म्हटले की ती मान आखडून घेते. काम एकच, मग हा भेद कोठून आला?

हा प्रश्न आम्ही सहज विचारीत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यातील शाळेत शिकवीत होतो. तेथे मुलींस रांगेत उभे करून डोकी तपासण्याची वहिवाट होती. स्पर्श नको म्हणून आम्ही पेन्सिलीने केस बाजूस सारीत असू, आणि उवा दिसल्या की मोठ्याने सांगत असू. एके दिवशी एका मुलीस तसेच घरी धाडले. दुसऱ्या दिवशी बापाने तिचे डोके भादरून आणले. दोन दिवस ती फडके बांधून मागे बसली. पुढे आलीच नाही. आम्ही आपले कर्तव्य केले, असे त्या वेळी आम्हांस वाटले होते. तिच्या डोक्यात उवा खरोखरच होत्या.

मग चूक कोठे झाली? एक तर, ऊ म्हणजे घाणेरडेपणाचा पुरावा असे आम्ही धरून चाललो. ऊ उडत नाही, उडी मारीत नाही. डोक्यास डोके लागले म्हणजे केसावरून केसावर चालत जाते. रोज न्हाणाऱ्याच्या डोक्यातही ती सुखाने नांदते, आणि जात तर विचारीतच नाही. उवांनी टायफस ज्वर पसरतो हे शार्ल निकोल यांनी १९०९ साली दाखविले खरे. पण ती कपड्यांच्या शिवणीत राहणारी ऊ. डोक्यातली ऊ खाज देते, ज्वर नव्हे. उवांकरिता मुलास शाळेबाहेर ठेवू नये, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ सालच्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे. आमच्या त्या मुलीस याचा काय उपयोग!

दुसरी चूक याहून मोठी. आम्ही पाहिले, परंतु काढले नाही. आई पाहते ती काढण्यासाठी. केस ओले करून बारीक दातांची फणी एकेका बटेतून मुळापासून टोकापर्यंत ओढावी लागते, दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसावी लागते. कानांमागे व मानेवर विशेष. कोंडा बोटाने सरकतो. लीख केसास चिकटलेली असते, सरकत नाही. ती आठदहा दिवसांत फुटते, म्हणून एकदा विंचरून भागत नाही. दोन आठवडे दर तीनचार दिवसांनी तेच काम. घासलेट आणि सीताफळाच्या बियांची पूड हे उतावळ्यांचे उपाय होत. घासलेटाने टाळू पोळते, आणि चुलीजवळ जीवही जातो; पूड डोळ्यांत गेली तर बुबुळास इजा होते. एवढा वेळ बसण्याची ज्याची तयारी नाही, त्यास दुसऱ्याच्या केसांत डोकावण्याचा अधिकार काय?

मग शाळेने पाहूच नये काय, असे कोणी विचारील. तसे नव्हे. मूल खाजवून रक्त काढीत असता डोळेझाक करणे ही काही दया नाही. पाहावे; पण चारचौघांत नव्हे, आणि आईस एकीकडे बोलावून सांगावे.

आमच्या ओळखीच्या एक वृद्ध शिक्षिका आहेत. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी त्यांस डोक्यास हात लावू देईना. तेव्हा बाईंनी आपलाच अंबाडा सोडला, खालच्या पायरीवर बसल्या, आणि फणी तिच्या हाती देऊन म्हणाल्या, “आधी माझे पाहा ग.” मुलीने पुष्कळ वेळ विंचरले. फडक्यावर चार पांढऱ्या केसांखेरीज काही येईना, तेव्हा तिला हसू आले. आणि आपली वेणी सोडीत ती बाईंच्या पुढे येऊन बसली.