आहार आणि स्मृती

आहाराची शुद्धी आणि स्मृतीचे स्थैर्य यांचा संबंध छांदोग्य उपनिषदाने सातव्या अध्यायाच्या अखेरीस जोडून दाखविला आहे. तेथील स्मृती ही आत्मज्ञानाची. सकाळी काय जेवलो हे आठवण्याची नव्हे. श्रीशंकराचार्यांनी तर त्या ठिकाणी आहार म्हणजे इंद्रियांनी ग्रहण केलेले विषय असा अर्थ केला. श्रीरामानुजाचार्यांनी मात्र प्रत्यक्ष अन्न हाच अर्थ धरला. या दोन थोर आचार्यांमध्ये निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि गुडीहत्नूरच्या आपल्या घरांतून जो प्रश्न आज उभा आहे, तो टाळता येत नाही. वार्धक्यात ज्यांची स्मृती ढळली, त्यांच्या खाण्यात दोष होता असे म्हणावे काय? आणि स्मृती राखणारा आहार हे कर्तव्य असेल, तर ते नेमके कोणाचे?

भारतात साठीच्या पुढील सुमारे ८८ लाख माणसांस स्मृतिभ्रंशाचा विकार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. मेंदू वजनाने देहाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. परंतु देहाच्या एकूण ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. ही शिदोरी त्यास अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पोहोचते. मधुमेह व रक्तदाब या वाहिन्या हळूहळू निकामी करतात. पाटात गाळ साचला की शेवटचा वाफा कोरडा राहतो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

मग पथ्य केले की झाले काय? तसे नाही. फिनलंड देशात १२६० वृद्धांवर झालेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबावर देखरेख ही चारही अंगे एकत्र सांभाळली, तेव्हा बुद्धीचा टवटवीतपणा इतरांपेक्षा अधिक राहिला. उलट अमेरिकेत केवळ मेंदूस हितकर मानलेल्या आहाराचा प्रयोग तीन वर्षे झाला. २०२३ साली कळले की दुसऱ्या गटाच्या तुलनेत लक्षणीय फरक पडला नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली सांगितले, की टाळता येण्याजोगी चौदा कारणे आयुष्यभर आवरली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल. म्हणजे निम्म्याहून अधिक भाग कोणाच्याही हाती नाही. विसरलेल्या माणसावर ठपका ठेवणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

जे हाती आहे ते मात्र आपल्या चुलीपाशीच आहे. आपल्या काळ्या रानाचे अन्न ज्वारी. १९८३ साली तत्कालीन आंध्र प्रदेशात दोन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला. भुकेल्या पोटास आधार झाला, हे पुण्यच. पण भाकरी मागे सरली आणि पांढऱ्या भाताचा ढीग, वर लोणचे व पापड, हेच जेवण होऊन बसले. तुरीचे वरण, अंबाडीची वा शेवग्याची भाजी, जवसाची चटणी ही परवडणारी पथ्ये आहेत. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचाभर, असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपवासाच्या साबुदाण्याविषयी अधिक लिहिल्यास काही मंडळी रागावतील. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आम्ही रचलेली नाही.

शाकाहारी कुटुंबांस एक गोष्ट आग्रहाने सांगणे आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व धान्यभाजीत नसते. दूधदह्यात असते, आणि उतारवयात तेही नीट शोषले जात नाही. त्याच्या अभावी पायांस मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडू लागतो. साध्या रक्ततपासणीने हे कळते आणि वेळीच औषध दिल्यास पुष्कळदा सुधारते. ‘वयच झाले’ म्हणून तपासणी टाळणे हा वृद्धाचा दोष नव्हे. तो घरातील कर्त्या माणसांचा आहे.

आणि या घरांत शेवटी कोण जेवते? वडीलधारी बाई. दूध नातवाला, भाजी पुरुषांना, तिच्या वाट्यास भात आणि पातेल्याचा तळ. यास त्याग म्हणून गौरविण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस त्यात गौरव दिसत नाही. देवास नैवेद्य आधी दाखवितो, तद्वत् तिचे पान आधी वाढावयास कोणते शास्त्र आड येते? जिच्या मुखी सगळ्या आरत्या आहेत, तिची वाटीभर डाळ आणि पेलाभर ताक यांची काळजी सुनेवर सोडून चालणार नाही. मुलग्यानेही ती वाहिली पाहिजे.

ज्यांची स्मृती गेलीच आहे, त्यांस जुन्या खाण्याचा जाब विचारू नये. जेवण झाल्याचे विसरून त्यांनी पुन्हा ताट मागितले, तर ‘आत्ताच तर जेवलात’ असे चारचौघांत न म्हणता चतकोर भाकरी दुधात कुस्करून पुढे ठेवावी, आणि ती खाऊन होईपर्यंत जवळ बसावे.