प्रवेशपरीक्षा आणि प्रार्थना

मार्च महिना सरत आला, की धर्मग्रामाच्या कार्यालयातील मिस्साहेतूंच्या वहीचे स्वरूप पालटते. एरवी तिच्यात मृतांच्या आत्म्यास चिरशांती, आजाऱ्यास आरोग्य, लग्नाचा वाढदिवस असे हेतू असतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पानामागून पान परीक्षांनी भरते. पूर्वी तिथे 'बारावीच्या परीक्षेत यश' एवढेच लिहिलेले असे. आता जेईई, नीट, एमएचटी-सीईटी अशी नावे येतात आणि अलीकडे त्यांच्यासोबत आकडेही येऊ लागले आहेत.

गेल्या वर्षीची गोष्ट. एक भगिनी आल्या आणि म्हणाल्या, "फादर, मुलाला नव्व्याण्णव पर्सेंटाइल मिळावे, असा हेतू लिहा." मी लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच आळीतील दुसऱ्या एक भगिनी आल्या. त्यांची मुलगी त्याच परीक्षेला बसणार होती. हेतूही तोच होता. मी वही उघडली, तर आदल्या दिवशीची ओळ अगदी वरच होती. दुसरी ओळ लिहिताना माझी लेखणी किंचित अडखळली आणि त्या अडखळण्याचे कारण मी तेव्हापासून शोधत आहे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आता बहुतेक पालकांना ठाऊक झाले आहे. एका सत्रात परीक्षेला बसलेल्यांपैकी शेकडा किती जणांचे गुण माझ्याइतके किंवा माझ्याहून कमी आहेत, ते हा आकडा सांगतो. मला किती आले, हे त्यातून कळत नाही. माझ्या खाली किती जण राहिले, एवढेच कळते. तीन लाख मुले बसली, तर नव्व्याण्णवच्या वर साधारण तीन हजार जणांनाच जागा आहे. उद्या सर्व तीन लाख मुलांनी दुप्पट अभ्यास केला, तरी त्या जागा तीन हजारच राहतील. तेव्हा आपल्या मुलासाठी नव्व्याण्णव मागणे म्हणजे इतर नव्व्याण्णव मुलांनी त्याच्या बरोबरीने किंवा त्याच्या खाली राहावे, असे मागणे होय. हे वाक्य असे उघड करून वेदीवर ठेवण्याचे धैर्य कोणत्या आईला होईल? आणि ते ठेवण्याचा अधिकार मला, धर्मगुरूला, आहे काय?

येथे दोन प्रकारच्या परीक्षांमधील भेद लक्षात घ्यावा लागतो. शालान्त परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी शेजाऱ्याने नापास व्हावे लागत नाही. एक रेषा आखलेली असते. जो ती ओलांडतो तो उत्तीर्ण. सगळा वर्ग उत्तीर्ण झाला तरी कोणाचे काही हिरावले जात नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तोंडी परीक्षेला जाताना आम्ही एकमेकांना रात्री उशिरापर्यंत प्रश्न विचारत असू. मित्राची तयारी झाली म्हणून माझे काही कमी होणार नव्हते. प्रवेशपरीक्षेत रेषा आखलेली नसते. तिथे माणसाला माणसाशेजारी उभे करून उंची मोजतात.

यावर जाणकार वाचक म्हणतील, की जगात बऱ्याच गोष्टी अशाच आहेत. नोकरी एकाला मिळते तेव्हा दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून नोकरी मागणे पाप ठरते काय? ठरत नाही. नीतिशास्त्राने या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला आहे. एखाद्या चांगल्या कृतीतून वाईट परिणाम होणार हे दिसत असूनही ती कृती करता येते. मात्र तो वाईट परिणाम आपल्याला हवा असता कामा नये आणि त्याच्याच साहाय्याने आपले भले साधलेले नसावे. दुसऱ्याची नोकरी हुकणे हे माझ्या नोकरीचे साधन नसते. पण पर्सेंटाइल ही वस्तूच अशी, की दुसऱ्याचे खाली राहणे तिच्यातून काढून टाकले तर हाती काही उरत नाही. महाविद्यालयातील जागेसाठी प्रार्थना करता येते, चांगला पेपर जाण्यासाठी करता येते. आकड्यासाठी करता येते की नाही, याविषयी मी साशंक आहे.

वसईच्या जुन्या शेतकऱ्यांचे उदाहरण घेऊ. त्यांची फुले आणि भाजी दादरच्या बाजारात जात असे. मोगऱ्याला भाव चढतो तो इतरांचा मोगरा कमी आलेला असतो तेव्हा, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळत होते. तरीही क्रुसापाशी जमून ती माणसे पाऊस मागत, पीक मागत. चढा भाव मागताना मी कोणाला ऐकलेले नाही. मनात असेलही. पण पाऊस मागितला तर तो शेजाऱ्याच्या वाडीतही पडतो, हे त्यांना मान्य होते.

असे असूनही प्रवेशपरीक्षेला सरसकट दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी पक्षपाताची मीमांसा करताना अध्यापकाच्या नेमणुकीचे उदाहरण घेतले आहे. ज्ञान पाहून नेमले तर योग्य कारण पाहिले. पीटर आहे किंवा मार्टिन आहे म्हणून नेमले तर पक्षपात झाला. प्रवेशपरीक्षा या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते. उत्तर तपासणाऱ्या यंत्राला मुलाचे आडनाव, बापाचा हुद्दा किंवा आळी माहीत नसते. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली, तेव्हा देणगीच्या नावाखाली काय व्यवहार चालत, हे त्या काळच्या पालकांना विचारावे. १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला, यातच सर्व आले. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख नाही, त्या घरातील मुलीला पेपर हाच एक दरवाजा उरतो. तो दरवाजा फुटतो तेव्हा अन्याय दुहेरी होतो. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशात लाखाहून थोड्याच अधिक होत्या. त्यात पेपरफुटीची प्रकरणे उघडकीस आली, १,५६३ मुलांना दिलेले वाढीव गुण रद्द करावे लागले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या मुलांनी दोन वर्षे प्रामाणिकपणे अभ्यास केला होता, त्यांच्या चेहऱ्यावरचा त्या दिवसांतील अविश्वास मी विसरलेलो नाही.

ही परीक्षा नेमके काय मोजते, हा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत त्याचा वाद जुना आहे आणि तेथील दोन परीक्षांची जन्मकथा बोधक आहे. सॅट ही परीक्षा प्रथम १९२६ साली झाली. तिचे शिल्पकार कार्ल ब्रिगहॅम हे मानसशास्त्रज्ञ होते. बुद्धी जन्मजात असते, वंशावर अवलंबून असते आणि ती मोजता येते, असे त्यांनी १९२३ साली एका ग्रंथात प्रतिपादन केले होते. १९३० साली त्यांनी स्वतःच ते मत मागे घेतले. नावातील अॅप्टिट्यूड, म्हणजे उपजत क्षमता, हा शब्द मात्र १९९० पर्यंत टिकून राहिला. दुसरी परीक्षा अॅक्ट. ती आयोवा विद्यापीठातील एव्हरेट लिंडक्विस्ट यांच्या पुढाकाराने १९५९ साली सुरू झाली. मूल शाळेत काय शिकले, हे पाहण्याकडे तिचा कल होता. एका परीक्षेला मुलाला जन्मतः काय लाभले ते हवे होते, तर दुसरीला त्याने काय मिळवले ते. आज त्या दोन्ही एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या आहेत, की तेथील महाविद्यालये सहसा कोणतीही एक स्वीकारतात. आपल्या घरांत मात्र जुना गोंधळ कायम आहे. निकाल लागल्यावर "पेपर चांगला गेला नाही" असे आपण म्हणत नाही. "मुलगा हुशार नाही" असे म्हणतो. तीन तासांचे माप आपण जन्माला लावतो.

आमच्याकडील तीन परीक्षांची तुलना पालक हल्ली तोंडपाठ सांगतात. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न आणि ३०० गुण, नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण; दोन्हींत बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. राज्याच्या सीईटीत गणित गटाला १५० प्रश्न आणि २०० गुण. तिथे चुकीला दंड नाही आणि सुमारे ऐंशी टक्के प्रश्न बारावीचे, बाकीचे अकरावीचे. पहिल्या दोन परीक्षांत 'मला माहीत नाही' असे कबूल करून प्रश्न सोडणाऱ्याचे नुकसान होत नाही. तिसरीत ठोकून द्यायचे असते. दोन्ही पद्धतींना आपापली कारणे असतील. पण नम्रतेला गुणांचा थोडा आधार देणारी परीक्षा मला मनातून अधिक आवडते, हे मान्य करतो.

तुलनेचा खरा उपयोग मुलाला कोणती परीक्षा झेपेल हे ठरवण्यासाठी व्हायला हवा. तो होतो तेव्हा चांगला होतो. राज्यातच शिकायचे आहे, बारावीचा अभ्यास नीट झाला आहे आणि वेगाने प्रश्न सोडवता येतात, अशा मुलाने सीईटी मनापासून द्यावी. त्याला जेईईच्या अवघड गणितांत दोन वर्षे बुडवण्याची गरज नाही. जिला वैद्यकशास्त्र खरोखर हवे आहे तिने नीटच्या जीवशास्त्राकडे लक्ष द्यावे, कारण तिथे १८० पैकी ९० प्रश्न त्या विषयाचे असतात. मागील वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवणे आणि चुकलेले प्रश्न वहीत उतरवून आठवड्याने पुन्हा सोडवणे, याहून मोठे रहस्य कोणत्याही क्लासकडे असल्याचे मला दिसलेले नाही. एकाच मुलाला चार परीक्षांना बसवणे हे तयारीपेक्षा भीतीचे लक्षण आहे.

तयारीच्या नावाखाली आणखी काही घडते, त्याविषयी बोलणे माझे कर्तव्य आहे. मूल एका कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरते दाखल करायचे, हजेरी मांडून घ्यायची आणि दिवसभर क्लासमध्ये बसवायचे, ही रीत आता कोणाला खटकेनाशी झाली आहे. सोळा वर्षांच्या मुलाला आपण पहिला धडा देतो तो हा, की जिथे तू नाहीस तिथे तू आहेस असे कागदावर लिहिता येते. दृढीकरण संस्कारासाठी याच मुलाला मी सत्याविषयी दोन वर्षे शिकवलेले असते! सराव परीक्षाही नेमक्या रविवारी सकाळी होतात. मिस्सा चुकते, याचे दुःख मला आहेच. पण आठवड्यातील ज्या एका तासात या मुलाला कोणी क्रमांक देत नाही तो तास जातो, याचे अधिक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राजस्थानातील कोटा येथे वसतिगृहांच्या छतावरील पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश प्रशासनाला काढावा लागला. पंखा वजनाने खाली यावा, म्हणून. ते वाचून मी बराच वेळ वर्तमानपत्र खाली ठेवू शकलो नाही.

आमच्या धर्मग्रामात एवढे भयंकर काही घडले नाही. पण लहान गोष्टी घडतात. एकाच आळीतील दोन मुलगे दहावीपर्यंत एका टेबलावर अभ्यास करत. अकरावीत दोघे वेगवेगळ्या क्लासला लागले आणि क्लासच्या नोट्स एकमेकांना दाखवायच्या नाहीत, असे घरून सांगितले गेले. भांडण झाले नाही. फक्त एकत्र बसणे संपले. या बाबतीत ख्रिस्तसभेने हात झटकू नयेत. येशूसंघीयांच्या १५९९ सालच्या शिक्षणसंहितेत लेखी परीक्षेचे काटेकोर नियम आहेतच. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रतिस्पर्धी नेमून देण्याची प्रथाही त्यांच्या शाळांत होती. ईर्ष्येने मूल शिकते, हे आपणही मानले आणि त्याचा लाभही घेतला.

मुलांचा आवडता परीक्षासंत म्हणजे कुपर्तिनोचे संत जोसेफ. सतराव्या शतकातील हे फ्रान्सिस्कन संन्यासी अभ्यासात फार मंद होते. चरित्रकार सांगतात, की त्यांना शुभवर्तमानातील एकच उतारा नीट समजावून सांगता येत असे आणि परीक्षा घेणाऱ्या महागुरूंनी नेमका तोच विचारला. पुढे धर्मगुरुपदाच्या परीक्षेत आधीच्या उमेदवारांची उत्तरे इतकी चांगली झाली, की महागुरूंनी उरलेल्यांना न विचारताच उत्तीर्ण केले. त्या उरलेल्यांत जोसेफही होते. १७६७ साली ते संत घोषित झाले. ही कथा मुले हसत ऐकतात, पण तिच्यातील एक गोष्ट मला विचारात पाडते. दुसऱ्या परीक्षेत ते उत्तीर्ण झाले ते सोबत्यांच्या हुशारीमुळे. पर्सेंटाइलच्या हिशेबात सोबत्यांची हुशारी त्यांना बुडवती.

आणि नशिबाचे काय? ९९.०१ आणि ९८.९९ यांच्यामध्ये गुणवत्ता कितीशी असते आणि त्या दिवशीची झोप, डोकेदुखी, नेमका आलेला प्रश्न किती असतो? अमेरिकन तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनी २०२० साली असे सुचवले, की पात्र ठरलेल्या सर्वांची नावे घेऊन अंतिम निवड सोडतीने करावी, म्हणजे निवडलेल्यांना गर्व होणार नाही आणि वगळलेल्यांना कमीपणा वाटणार नाही. आपल्या देशात सोडतीतही हात घातले जातील, अशी मला भीती वाटते. तथापि द्राक्षमळ्याच्या मालकाच्या दाखल्यावर मी इतकी वर्षे प्रवचने केली. संध्याकाळी आलेल्या मजुराला पूर्ण मजुरी मिळाली म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी दोष दिला. ते कुरकुरणारे आपल्या जागी बरोबर होते की काय, असा विचार निकालाच्या दिवशी माझ्याही मनात येतो.

हे सारे मी त्या पहिल्या भगिनींपाशी एकदा बोललो. 'नव्व्याण्णव' हा शब्द खोडून 'पेपर शांत चित्ताने लिहिता यावा' असे लिहू का, असेही विचारले. त्यांनी माझे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "फादर, तुमचे खरे असेल. पण सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली नाही, तर खासगीची फी आम्ही कोठून आणायची? वाडी विकायची का? तुम्हाला मुले नाहीत." त्यांच्या स्वरात राग नव्हता. मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही. मी तो शब्द खोडला नाही.

त्या रविवारी सकाळच्या मिस्सेत मी दोन्ही हेतू लागोपाठ वाचले. आकडे वाचले नाहीत, नावे वाचली. दोन्ही भगिनी मंदिरात होत्या. एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या. शांतीच्या अभिवादनाच्या वेळी पहिल्या भगिनी आपली जागा सोडून मधली वाट ओलांडून पलीकडे गेल्या.