खिशातली दुर्बीण

पक्षी बघणाऱ्यांच्या घोळक्यात छोट्या दुर्बिणीला फारसा मान नाही. गळ्यात ८ बाय ४२ असेल तर माणूस या नादाला खरोखर लागलेला. ८ बाय २५ असेल तर सहलीला आलेला, हौशी. हा समज अगदीच बिनबुडाचा नाही. पण दुर्बीण कपाटाबाहेर किती वेळा निघते, हा हिशेब त्यात कुणी धरत नाही.

आकड्यांचं गणित सोपं आहे. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्याशी पोचणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. मोठ्या दुर्बिणीत ती सव्वापाच मिलिमीटर, छोटीत जेमतेम तीन. आता भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते. जादा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. म्हणजे ऊन चढल्यावर छोटी दुर्बीण उजेडाच्या बाबतीत मोठीपेक्षा कमी पडत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहुली पसरते, तेव्हा मात्र ती हात टेकते, आणि पक्ष्यांची खरी लगबग नेमकी त्याच वेळी असते. रातवा शोधायला निघालात तर मोठीच न्या. यात एक गंमत आहे. वय वाढतं तशी बाहुली अंधारातही पूर्वीइतकी पसरत नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर हौसेनं पाऊण किलोचं ओझं गळ्यात अडकवणाऱ्याला त्या काचेचा पुरता मोबदला मिळतोच असं नाही. मान मात्र पुरती दुखते.

छोटीचं राज्य आहे ते शहरात, कामाच्या दिवशी. तांबटाचंच घ्या. त्याची टुक्-टुक् दुपारभर चालू असते, पण बोलताना तो मान अशी फिरवतो की आवाज कुठून येतोय ते कळत नाही. नुसत्या डोळ्यांना शेंड्यावर एक हिरवट गोळा दिसतो, चिमणीपेक्षा जरा थोराड. दुर्बीण लावली की तोच गोळा उलगडतो: कपाळावर लालभडक टिळा, डोळ्याच्या वर-खाली पिवळं, जाड चोचीच्या मुळाशी राठ मिशा, पोटावर हिरव्या रेघोट्या, लाल पाय. प्रत्येक टुक्‌ला गळा फुगतो, तोही दिसतो. हे सगळं बसथांब्यावर उभ्याउभ्या, बस येईपर्यंत. मोठी दुर्बीण घेऊन ऑफिसला कोण जातं?

पक्षी एवढा जवळून बघायचा तर पूर्वी तो मारावा लागे. एकोणिसाव्या शतकातलं पक्षिशास्त्र बंदुकीवर उभं होतं. सालिम अलींची वाटचालसुद्धा लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं पाडलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या चिमणीपासून सुरू झाली. १८९४ मध्ये झाइसनं लोलक बसवलेल्या दुर्बिणी बाजारात आणल्या, आणि १९०१ मध्ये एडमंड सेलूस या इंग्रज निरीक्षकानं बंदूक ठेवा आणि दुर्बीण उचला, असं पुस्तक लिहूनच सांगितलं. आपल्या खानदेशात या बदलाचा चांगला पुरावा आहे. रानपिंगळा या घुबडाचा १८८४ नंतरचा खात्रीचा पत्ता नव्हता. संग्रहालयांत मोजकी कातडी तेवढी उरली होती. १९९७ च्या नोव्हेंबरात पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात सापडला. त्यांनी जिवंत पक्षी न्याहाळून, चित्रित करून ओळख पटवली. एकशे तेरा वर्षांपूर्वी त्याच मुलखात हा पक्षी कातडं होऊन नोंदवला गेला होता.

आता बंदुकीची थोडी हाव मोठ्या कॅमेऱ्यात उतरली आहे, असं मला वाटतं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित उडाल्याशिवाय फोटोला मजा नाही म्हणून नाव पुढे, अजून पुढे न्यायला लावणारे असतात. दुर्बिणीवाल्याला थवा उडून चालत नाही. त्याला तो चिखलात मान उलटी घालून खाताना बघायचा असतो.

प्रवासात तर छोटी दुर्बीण नुसती पक्ष्यांची राहत नाही. वेरूळच्या कैलास लेण्याभोवती टेकडीवर चढून गेलं की मंडपाच्या छतावरचं कोरीव कमळ आणि त्यावरचे चार सिंह समोर येतात. खाली अंगणात उभं राहून ते कुणाला कळतही नाहीत. दुर्बिणीतून त्या सिंहांच्या आयाळीपर्यंत पोचता येतं. गडावर तेच: समोरच्या डोंगरावरची वाट खरंच वाट आहे की पाण्याची घळ, हे पायांना कामाला लावण्याआधी कळलेलं बरं.

घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. थंड हवेच्या ठिकाणी पॉइंटवर मिळणाऱ्या लालचुटुक काचांच्या दुर्बिणी टाळाव्यात. तो लेप लाल प्रकाश परतवून लावतो, चित्र हिरवट पडतं, आणि तांबटाचा टिळाच फिका होतो. वीस-तीस पटींच्या बाता मारणाऱ्याही नकोत. हाताचं कापणंही तेवढ्याच पटींनी मोठं दिसतं, म्हणून आठ पट पुष्कळ. चष्मेवाल्यांनी चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का, ते दुकानातच बघावं. पावसाळ्यात कोकणात न्यायची असेल तर आत नायट्रोजन भरलेली, बंद घडणीची घ्यावी, नाहीतर आतून बाष्प धरतं आणि पुढच्या वर्षी भिंगावर बुरशी.

कोकणात आणखी एक अडचण आहे. दुर्बीण घेतलेला परका माणूस दिसला की तो जागा बघायला आलाय, अशी गावाची खात्री असते. ‘खयची जमीन बघतास?’ असं कुणीतरी विचारतंच. पक्षी बघतोय म्हटलं तर संशय उलट वाढतो. अशा वेळी दुर्बीण सरळ त्यांच्या हातात द्यावी. छोटीच्या दोन्ही नळ्या दुमडतात, कुणाच्याही डोळ्यांना बेतानं बसवता येतात. धनेश समोरच्या वडावर असला तरी बहुतेक जण आधी स्वतःचं घर शोधतात, मग शेजाऱ्याचं, मग आपल्या माडाच्या शेंड्याकडे वळतात. नारळ किती, त्यातले वानरांनी किती पाडले, याची मोजदाद तिथल्या तिथे होते आणि धनेश तोवर निघून गेलेला असतो.