टोचून घ्या, एवढेंच म्हणणें पुरे आहे काय?

वाचकहो, सन २०२१ मध्यें कोविडची लस गांवोगांव आली, तेव्हां उपकेंद्राच्या ओट्यावर एका आजीबाईंनीं आम्हांस विचारलें, "पाळकसाहेब, आजार होऊं नये म्हणून टोचतात, मग टोचल्यावर ताप कां येतो?" आम्हांस उत्तर येत नव्हतें. तें कबूल करण्याऐवजीं आम्हीं म्हटलें, "आजी, शिकलेलीं माणसें सांगतात तें ऐकावें." आजी उठून घरीं गेल्या. तेव्हांपासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाहीं. ज्याला ठाऊक आहे त्यानें ज्याला ठाऊक नाहीं त्यास केवळ आज्ञा करावी काय? आज्ञा हितकर असली म्हणजे कारण सांगण्याचें ऋण फिटतें काय?

कोणी म्हणेल, घरास आग लागली असतां पाण्याचे गुण शिकवीत बसूं नये. ह्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु नुसत्या आज्ञेनें काय होतें तें आपल्याकडे एकदां दिसून आलें आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला व पुढें पुण्यास पोंचला. १८९७ च्या आरंभीं पुण्यांत गोरे शिपाई घरोघर शिरून झडती घेऊं लागले; रोगी सांपडला कीं तो इस्पितळांत व घरचीं माणसें छावणींत. कां, कशासाठीं, हें धड कोणी सांगेना. २२ जून रोजीं प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड ह्यांजवर गोळी झाडली गेली. त्या हत्येचें समर्थन आम्ही कदापि करणार नाहीं. पण आश्चर्य हें कीं, झडती घेणाऱ्यांसही रोग कसा पसरतो हें तेव्हां ठाऊक नव्हतें! उंदरावरील पिसू हा रोग नेते, असें फ्रेंच डॉक्टर सिमाँ ह्यांनीं १८९८ सालीं कराचीस प्रयोगानें दाखविलें. पुष्कळ विद्वानांनीं तें मानलें नाहीं, आणि १९०५ नंतर हिंदुस्थानांतच झालेल्या प्रयोगांनीं तें पक्कें ठरलें. इकडे आपले खेडूत मात्र घरांत उंदीर पडला कीं बिऱ्हाड उचलून माळावर झोंपडी घालीत. पिसवेचा दोष त्यांस कळला नव्हता, पण उंदराचा इशारा कळला होता. त्यांस कोणी विचारलें असतें तर बरें झालें असतें.

त्याच वेळीं मुंबईस दुसरी एक रीत चालली होती. ओडेसा येथें जन्मलेले डॉ. हाफकिन हे प्लेगचे जंतू वाढवून, उष्णतेनें मारून, त्यांची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली; ताप आला, तो सोसला, आणि मग दुसऱ्यांपुढें गोष्ट काढली. तिसरे आगाखान तेव्हां वीसएक वर्षांचे होते. आपल्या खोजा अनुयायांचें भय जावें म्हणून त्यांनीं सर्वांदेखत लस टोचून घेतली. जो धोका आपण दुसऱ्यास पत्करावयास सांगतों तो अगोदर आपण पत्करणें, हें समजावण्याचें काम शब्दांहून अधिक करतें.

तथापि येथें एक अवघड जागा आहे, व ती झांकून पुढें जाणें आम्हांस बरें वाटत नाहीं. ३० आक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांत मुलकोवाल गांवीं (तें आतां पाकिस्तानांत आहे) १०७ माणसांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं एकाच बाटलींतून टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष हाफकिन ह्यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला व त्यांचें काम गेलें. बाटली उघडतांना हाताखालच्या मनुष्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध केला नव्हता, असें पुढें लोकांसमोर आलें. १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त झाले. आज मुंबईंतील परळची संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

ही हकीकत खेड्यांत सांगावी कीं नाहीं? भिणारे आणखी भितील, असें शहाणे म्हणतात. आमचें मत उलट आहे. मुलकोवालची कुजबूज लोकांच्या कानीं आज ना उद्यां येणारच. ती आमच्या तोंडून आली तर चिमट्यासकट येईल. दुसऱ्याच्या तोंडून आली तर केवळ १९ मढीं येतील. ज्यानें चूक लपविली त्याचें खरें बोलणेंही मग कोणी ऐकत नाहीं.

आठवड्यानें आम्हीं उपकेंद्रावरील परिचारिकेस तापाचें कारण विचारलें. ती म्हणाली, "शरीर शत्रूची ओळख करून घेतें, लढण्याची तालीम करतें, त्या धडपडीनें कधीं कधीं ताप चढतो." एवढेंच! आम्ही आजींकडे गेलों, आमचें अज्ञान कबूल केलें आणि हें सांगितलें. आजी हंसल्या, व पुढल्या सोमवारीं शेजारणीस घेऊन ओट्यावर आल्या. त्यांचा मुलगा मात्र आला नाहीं. तो म्हणाला, "लस तपासावयास वर्षानुवर्षें लागत असत, मग ही वर्षभरांत कशी झाली?" प्रश्न चांगला होता. आम्ही पुन्हां त्या परिचारिकेच्या दारीं गेलों. ह्या खेपेस मुलालाही बरोबर नेलें.